सभा आणि सभ्य

‘सभा’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. ऋग्वेदांतहि तो आढळतो. ‘सभ्य’ हा त्याच शब्दाचा वंशज. आज सभ्य म्हटला म्हणजे सौम्य बोलणारा, नीटनेटका राहणारा आणि कोणाच्या अध्यांत ना मध्यांत असा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु मूळ अर्थ पाहूं गेल्यास सभ्य म्हणजे सभेंत बसण्यास लायक असलेला मनुष्य. दहा माणसांत बसून दुसऱ्याचें ऐकून घेणें, आपलें म्हणणें थोडक्यांत मांडणें, आणि आपल्या मताविरुद्ध निर्णय झाला तरी तो प्रामाणिकपणें पाळणें, हें ज्यास साधलें तो सभ्य. सुसंस्कृतपणाची परीक्षा आमच्या पूर्वजांनीं घरांत किंवा बाजारांत न घेतां सभेंत घेतली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या कसोटीनें आज आपणांपैकीं किती जण सभ्य ठरतील, हा प्रश्न नाजूक असल्यामुळें तो आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

आमचा धंदा शिकविण्याचा. त्यांत बोलण्याचें काम फार, आणि सभांचें त्याहून फार. अभ्यासमंडळ, परीक्षासमिति, ग्रंथालयसमिति, स्नेहसंमेलन, या सर्वांच्या सभा असतातच. परंतु या सर्वांची थोरली बहीण म्हणजे प्राचार्यांच्या अध्यक्षतेखालीं भरणारी सर्व शिक्षकांची सभा. कॉलेजांत तिला ‘स्टाफ मीटिंग’ याच नांवानें ओळखतात. या सभेची नोटीस घेऊन शिपाई वर्गाच्या दारांत आला आणि त्यानें सहीसाठीं वही पुढें केली, म्हणजे शिक्षकाच्या चेहऱ्यावर जी छटा उमटते ती आम्ही तीस वर्षें पाहत आलों आहों. ती रागाची नसते, उत्साहाची तर नसतेच; छत्री घरीं विसरलेल्या माणसानें आभाळाकडे पाहावें तशी ती असते. मग सभेंत कोणी उत्तरपत्रिका तपाशीत बसतो, कोणी टेबलाखालीं मोबाइल पाहतो, आणि कोणी अध्यक्षांच्या प्रत्येक वाक्यास मान डोलावून पुढील वर्षाच्या कामवाटपाची तरतूद करून ठेवतो.

या सभांचा खर्च कोणी मांडून पाहिला आहे काय? चाळीस शिक्षकांची सभा दोन तास चालली, तर ऐंशी तास खर्चीं पडले. रोज पांच तास काम करणाऱ्या एका शिक्षकाचे हे सोळा दिवस. वर्षांतून अशा दहा सभा धरल्या, तर एकशें साठ दिवस. म्हणजे एका शिक्षकाचें जवळजवळ सबंध वर्ष! एखाद्या संस्थेनें एक शिक्षक वर्षभर नुसता बसवून ठेवला, तर हिशेबतपासनीस ताबडतोब आक्षेप काढील. पण चाळिसांना थोडथोडें बसविलें तर तो खर्च कोणत्याच वहींत दिसत नाहीं आणि म्हणून कोणास बोंचतहि नाहीं. यावरून सभाच नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. ऐंशी तास देऊन एखाद्या कॉलेजांतील मुलांचें वर्ष सुधारत असेल, तर सौदा स्वस्तांतला आहे. प्रश्न एवढाच कीं, तें सुधारण्यासाठीं त्या खोलींत नेमकें काय घडावें लागतें?

आमच्या मतें पहिला घोटाळा तीन निरनिराळीं कामें एकाच सभेंत कालविल्यानें होतो. कांहीं गोष्टी सांगावयाच्या असतात, कांहीं विचारावयाच्या असतात, आणि कांहीं ठरवावयाच्या असतात. परीक्षेचे फॉर्म अमुक तारखेपर्यंत भरावे, हें सांगावयाचें आहे; त्यासाठीं चाळीस माणसें गोळा करण्याचें कारण नाहीं, एक कागद पुरतो. नव्या अभ्यासक्रमांत मुलांना काय जड जातें, हें विचारावयाचें आहे. येथें अध्यक्षांनीं कान द्यावयाचे असतात, तोंड नव्हे. वेळापत्रक सकाळचें असावें कीं दुपारचें, हें ठरवावयाचें आहे. येथें दोन्ही बाजू ऐकून शेवटीं एक रेघ ओढावी लागते. आमच्याकडे पुष्कळदां जें सांगावयाचें त्यावर चर्चा होते, जें विचारावयाचें तें सांगितलें जातें, आणि जें ठरवावयाचें तें आधींच ठरलेलें असतें. शिक्षकांस सभेचा कंटाळा येतो तो वेळ गेल्यामुळें नव्हे. आपला तेथें उपयोग नव्हता हें कळल्यामुळें येतो.

म्हणून सभेचें निम्मे काम सभेपूर्वींचें असतें, आणि तें विषयपत्रिकेंत दिसतें. ‘विद्यार्थ्यांची शिस्त’ असा विषय पत्रिकेंत लिहिला, तर प्रत्येक जण आपापल्या तरुणपणच्या शिस्तीच्या आठवणी घेऊन येतो. तोच विषय ‘पहिल्या तासास उशिरां येणाऱ्या मुलांबाबत काय करावें?’ असा प्रश्नरूपानें लिहिला, आणि मागील महिन्यांत कोणत्या वर्गांत कितीजण उशिरां आले याचा तक्ता चार दिवस आधीं हातीं दिला, तर येणारा मनुष्य कांहीं विचार करून येतो. विषयांचा क्रमहि असाच विचारानें लावावा. पार्किन्सन नांवाच्या इंग्रज लेखकानें १९५७ सालीं एका काल्पनिक समितीची मोठी मार्मिक हकीगत लिहिली. एक कोट पौंडांच्या अणुभट्टीचा विषय ती समिति अडीच मिनिटांत संपविते, कारण त्यांतलें कोणास कांहीं कळत नसतें. आणि साडेतीनशें पौंडांच्या सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण शेड प्रत्येकानें पाहिलेली असते. आमच्या कॉलेजांत अणुभट्टी नाहीं. पण अंदाजपत्रक आहे, आणि स्नेहसंमेलनाच्या जेवणांत जिलबी असावी कीं श्रीखंड हा विषयहि आहे. कोणत्या विषयास किती वेळ मिळतो, हें सांगण्याची गरज नाहीं. जड विषय माणसें ताजीं असतांना, आरंभींच घ्यावा. जिलबी आपली वाट आपण काढते.

विषयपत्रिकेच्या अखेरीस ‘आयत्या वेळीं येणारे विषय’ अशी एक निरुपद्रवी ओळ असते. ती एखाद्या वाड्याच्या मागील दारासारखी आहे. पुढल्या दारानें ज्याला आणावयास संकोच वाटतो, तो विषय या दारानें आंत येतो. आणि तोहि सहा वाजतां, जेव्हां निम्म्या मंडळीचें लक्ष घड्याळाकडे आणि उरलेल्यांचें चहाकडे असतें. आयत्या वेळचा विषय ऐकावा, लिहून घ्यावा, आणि पुढील सभेंत ठरवावा. आग लागली असेल तरच अपवाद.

आतां अध्यक्षांकडे वळूं. सभा कशी चालवावी याचे नियम ठाऊक नाहींत अशी स्थिति नाहीं. काकासाहेब गाडगीळांनीं सभाशास्त्रावर मराठींत पुस्तकच लिहिलें आहे. परंतु ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, हे नियम मोठ्या सभांसाठीं आहेत, जेथें सभा संपल्यावर माणसें आपापल्या गांवीं जातात. शिक्षकांची सभा निराळी. तेथें आज ज्यानें विरोध केला तो उद्यां सकाळीं त्याच पाण्याच्या माठापाशीं भेटावयाचा असतो, आणि ज्याला विरोध केला तो आपला गोपनीय अहवाल लिहिणारा असतो. तेव्हां तेथें नियमांहून मोठा प्रश्न भीतीचा आहे. अध्यक्षांनीं आरंभींच आपलें मत सांगितलें कीं चर्चा संपते. मागून होते ती त्या मताची प्रदक्षिणा. हें जगांत इतरत्र फार पूर्वीं ओळखलें गेलें होतें. प्राचीन ज्यू लोकांच्या न्यायसभेंत देहदंडाच्या खटल्यांत मत देण्यास आरंभ कनिष्ठांपासून होत असे, आणि ब्रिटिशांच्या लष्करी न्यायसभेंतहि सर्वांत खालच्या हुद्द्याचा अधिकारी पहिल्यानें मत देई. हेतु हा कीं, वरिष्ठांचें मत ऐकून खालच्यांनीं आपलें बदलूं नये.

आपल्याकडे या गोष्टीची जाणीव नव्हती असें मात्र नाहीं. महाभारताच्या सभापर्वांत द्रौपदीनें भर सभेंत प्रश्न विचारला, तेव्हां भीष्मांसारखे वृद्ध धर्म सूक्ष्म आहे असें म्हणून थांबले आणि बाकीचे गप्प बसले. उठला तो एकटा विकर्ण, धृतराष्ट्राच्याच मुलांपैकीं एक. त्यानें द्रौपदी जिंकली गेली नाहीं असें कारणांसह सांगितलें. त्याला उत्तर काय मिळालें? तूं पोर आहेस, तुला यांतलें काय कळतें, असा कर्णाचा टोला. त्याच्या कारणांस उत्तर मिळालें नाहीं. त्याच्या वयाला मिळालें. आमच्या पंचवटींतून सीता गेली असें मानतात. त्या कथेंतहि पुढें लंकेंत रावणाची मंत्रणासभा भरते, सर्व मंत्री होकार देतात, आणि एकट्या बिभीषणाला विरोधाबद्दल सभाच काय, राज्यहि सोडावें लागतें. दोन्ही सभांचा शेवट कशांत झाला तें पोराबाळांना ठाऊक आहे. दोन महाकाव्यांनीं दोनदां सांगितलेली ही गोष्ट आम्ही कीर्तनांत ऐकतों, रडतों, आणि दुसऱ्या दिवशीं स्टाफ मीटिंगमध्यें ‘तुम्ही अजून नवीन आहां, सर’ असें म्हणतों.

उशिरां येणाऱ्या मुलांचा विषय आम्हीं वर घेतला तो उगाच नव्हे. नाशिक जिल्ह्यांतील एका कॉलेजाच्या सभेंत, जेथें आम्ही हजर होतों, हा विषय निघाला होता. पहिल्या तासास दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास दंड, आणि तीन वेळां झाल्यास पालकांस पत्र, असा मसुदा तयारच होता. दोघां ज्येष्ठ शिक्षकांनीं अनुमोदन दिलें. चार मिनिटांत विषय संपत आला होता. इतक्यांत प्राचार्यांनीं, कां कोण जाणे, शेवटच्या बांकाकडे पाहून विचारलें, “मॅडम, पहिला तास तुमचाच असतो ना? तुम्हांला काय वाटतें?” त्या तरुण बाई उठल्या. “सर, उशिरां येणाऱ्यांची यादी मीं गांवांप्रमाणें लावून पाहिली,” असें म्हणून त्यांनीं एक वहीचें पान काढलें. बहुतेक मुलें पेठ, हरसूल आणि सुरगाणा या बाजूचीं होतीं. त्यांची पहिली एस. टी. स्थानकांत पोंचते तोंवर तास निम्मा संपलेला असे. तिच्या आधीं दुसरी गाडी नव्हती. म्हणजे आम्ही दंड करणार होतों तो आळसाला नव्हे, पेठच्या घाटाला.

पुढें जें झालें त्यास पंधरा मिनिटें लागलीं. सर्वांना सक्तीचे असलेले विषय तिसऱ्या तासास नेले, पहिल्या तासास ऐच्छिक विषय ठेवले, आणि दंडाचा मसुदा रद्द झाला. त्या दंडानें किती मुलांनीं कॉलेज सोडलें असतें हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण ज्या घरांत एस. टी.च्या पासाचे पैसे उसने आणावे लागतात, तेथें पालकांस गेलेलें एक पत्र पुष्कळदां पुरतें. सभेच्या किंमतीचा हिशेब आम्हीं वर तासांत केला. तो असाहि करावा लागतो.

या गोष्टींतला खरा मुद्दा मात्र निराळाच आहे. त्या बाई तासिका तत्त्वावर नेमलेल्या होत्या. ज्या वाचकांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, महाराष्ट्रांतील कॉलेजांत शिकविण्याचा मोठा भाग आज अशा शिक्षकांच्या खांद्यावर आहे. त्यांना पगार नाहीं, घेतलेल्या तासांचा मोबदला आहे. सुटीचा मोबदला नाहीं. आणि सत्र संपलें कीं नेमणूकहि संपते. पुढल्या वर्षीं पुन्हां मुलाखत. अशांना कित्येक ठिकाणीं सभेची नोटीसच जात नाहीं. गेली तर ते शेवटच्या बांकावर बसतात आणि बोलत नाहींत. त्यांनीं बोलावें तरी कसें? विकर्ण राजपुत्र होता. त्याचा फार तर अपमान झाला असता, आणि झालाहि. आजच्या विकर्णाची नेमणूक एप्रिलांत संपते. आणि वर्गाच्या सर्वांत जवळ तोच असतो. मुलें कोठून येतात, कां येत नाहींत, कोणत्या धड्यापाशीं वही मिटतात, हें जितकें त्याला माहीत असतें तितकें पहिल्या रांगेंतल्या आम्हां मंडळीस नसतें. ज्याला सर्वांत अधिक ठाऊक त्यालाच बोलण्याची सर्वांत अधिक भीति, अशी आमच्या सभांची रचना आहे.

यावर धैर्याचा उपदेश करणें सोपें आहे. पण तो ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानें दुसऱ्यास करूं नये. उपाय अध्यक्षांच्या हातीं आहे. विषयपत्रिका सर्वांना द्यावी, तासिकावाल्यांनाहि. सभेपूर्वीं दोन दिवस ज्यांचा विषयाशीं रोजचा संबंध आहे अशा दोघां-तिघांना बोलावून विचारावें, म्हणजे सभेंत त्यांना पहिल्यानें तोंड उघडण्याचा धाक वाटत नाहीं. मतें घेतांना शेवटच्या बांकापासून पुढें यावें, आणि आपलें सर्वांच्या शेवटीं सांगावें. ‘कोणास कांहीं म्हणावयाचें आहे काय?’ असें खोलीला विचारूं नये. खोली कधींच उत्तर देत नाहीं. नांव घेऊन विचारावें. ज्याला विचारलें जातें त्यानें सांगितलेलें उद्धटपणा ठरत नाहीं. आपण होऊन सांगितलेलें ठरतें.

दुसरी एक गोष्ट सभेला नासविते, आणि तिचें उदाहरण आमच्या प्रांताच्या इतिहासांतच आहे. पुण्यांत १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि १८८५ सालीं फर्गसन कॉलेज सुरू झालें. या संस्थेंत शिक्षक हे नोकर नव्हते. आजीव सभासद या नात्यानें संस्थेचा कारभार तेच पाहत. म्हणजे तेथें शिक्षकांची सभा हीच संस्थेची खरी सत्ता होती. आणि ते शिक्षक तरी कोण? टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, आणि थोड्या दिवसांनीं गोखले. यांहून अधिक बुद्धिमान स्टाफ मीटिंग महाराष्ट्रांत भरली असेल असें वाटत नाहीं. तरीहि १८९० सालच्या अखेरीस टिळक संस्थेंतून बाहेर पडले. सभासदांनीं अल्प वेतनावर राहावें कीं वाढ घ्यावी, बाहेरचें काम करावें कीं सर्व वेळ संस्थेस द्यावा, हे मूळ प्रश्न तत्त्वाचे होते. आणि दोन्ही पक्षांत निःस्वार्थी माणसें होतीं. परंतु हे प्रश्न वारंवार एखाद्या व्यक्तीच्या निमित्तानें सभेपुढें आले. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घेतलें तेव्हां बाहेरच्या कामाचा प्रश्न पुन्हां पेटला. मग तो नियमाचा न राहतां गोखल्यांचा झाला. नियमाविरुद्ध मत दिलें तर मित्राविरुद्ध दिल्यासारखें, आणि मित्राच्या बाजूनें दिलें तर नियमाविरुद्ध, अशा पेंचांत सभा सांपडली म्हणजे कितीहि थोर माणसें असलीं तरी तुटतात.

यापासून आम्ही एकच व्यावहारिक धडा घेतों. नियम ठरवावयाचा तो त्याला कोणाचें नांव चिकटण्यापूर्वीं. रजेचा नियम कोणी रजेचा अर्ज केल्यावर, किंवा विभागप्रमुखपदाचा क्रम जागा रिकामी झाल्यावर ठरवूं लागलें, तर सभेंत न्याय होत नाहीं, पक्ष होतात. त्याच गोखल्यांचें नांव धारण करणाऱ्या संस्थेनें १९२४ सालीं आमच्या नाशकांत कॉलेज काढलें आणि गोदाकांठच्या पिढ्या तेथें शिकल्या. गोखल्यांच्या व टिळकांच्या नांवांची आठवण ठेवणाऱ्या प्रत्येक शिक्षकानें १८९० सालच्या त्या फुटीचीहि आठवण ठेवावी.

सभेला आरंभ करतां येतो, पण थांबवितां येत नाहीं, हें तिसरें दुखणें. कॉलेजांत एकदां नेमलेली समिति मरत नाहीं. जिचें काम संपलें तीहि दर वर्षीं नव्या यादींत पुन्हां जन्म घेते. येथें आम्ही एक मोठें उदाहरण देणार आहों. तें आमच्या लहानशा विषयास विजोड वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. नाशकांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजीं सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो वर्षानुवर्षें चालविला. लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला. पुढें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास परिषद भरली. डॉ. आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा म्हणून ती परिषद सर्वांस ठाऊक आहे. पण तिनें आणखी एक गोष्ट केली. ज्या सत्याग्रहावर पांच वर्षें घातलीं, त्या मार्गानें आतां पुढें शक्ति खर्चूं नये, असें तिनें ठरविलें. ज्या कामासाठीं माणसांनीं रक्त सांडलें तें थांबविण्याचा निर्णय सभेंत, सर्वांसमक्ष, कारणें सांगून घेणें यास केवढें धैर्य लागलें असेल! आम्हांला तर दहा वर्षें एकहि अंक न काढलेली भित्तिपत्रक समिति बरखास्त करण्याचेंहि धैर्य होत नाहीं. वर्षांतून एक सभा केवळ ‘यंदा कोणतें काम बंद करावयाचें?’ एवढ्याच प्रश्नासाठीं भरवावी, अशी आमची सूचना आहे.

निर्णय झाला, तो लिहावयाचा कसा? शिवकाळांत आणि पेशवाईंत गांवचे तंटे गोतसभेपुढें येत आणि निवाड्याचा कागद होई, त्यास महजर म्हणत. त्यांत हजर असलेल्यांचीं नांवें लिहीत. आणि ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशा त्या खुणा आजहि जुन्या कागदांवर पाहावयास मिळतात. ती निशाणी म्हणजे मी केवळ आलों होतों एवढेंच नव्हे, हा निवाडा माझ्यासमक्ष झाला आणि मी त्यास बांधलेला आहें, असा तिचा अर्थ. आमच्याकडे आतां सही होते ती सभेच्या आरंभीं, हजेरीच्या कागदावर. निर्णय व्हावयाच्या आधींच आमची संमति दप्तरीं दाखल झालेली असते.

नॅक ही मूल्यांकन करणारी संस्था १९९४ सालीं स्थापन झाली, आणि तेव्हांपासून सभांचीं कार्यवृत्तें व त्यांवर केलेल्या कार्यवाहीचे अहवाल जपून ठेवण्याची संवय कॉलेजांस लागली. हेतु उत्तम होता. महाराष्ट्राच्या २०१६ सालच्या विद्यापीठ कायद्यानें महाविद्यालय विकास समितीच्या वर्षांतून निदान चार सभा झाल्याच पाहिजेत असेंहि ठरविलें. पण कायद्यानें सभांची संख्या ठरवितां येते, त्यांतला जीव ठरवितां येत नाहीं. वर्षाच्या अखेरीस एका दुपारीं बसून बारा सभांचीं वृत्तें एकाच शाईनें लिहून काढणारे कुशल लेखकहि या भूमींत निपजले आहेत, असें आमच्या कानांवर आहे. आम्हांला वृत्त लांब नको. प्रत्येक निर्णयापुढें तीन गोष्टी असाव्यात: काय ठरलें, कोण करणार, आणि केव्हांपर्यंत. कोणाचें मत भिन्न असेल तर तेंहि एका ओळींत लिहावें. आणि पुढील सभा याच कागदापासून सुरू व्हावी. ज्या सभेंत मागील निर्णयांचें काय झालें हें विचारलें जात नाहीं, तेथें पुढील निर्णयांचें काय होणार हें सर्वांस कळून चुकतें. जातां जातां एक लहान गोष्ट: वृत्त लिहिण्याचें आणि चहा सांगण्याचें काम बहुतेक सभांतून बायकांकडे कां जातें, हाहि प्रश्न कधीं विषयपत्रिकेंत घ्यावा. लिहिणाऱ्यास बोलतां येत नाहीं.

२०२० सालच्या महामारींत सभा पडद्यावर गेल्या, आणि कांहीं अजूनहि तेथेंच आहेत. त्यांत जाण्यायेण्याचा वेळ वांचतो. सांगावयाच्या गोष्टींस तें साधन ठीक आहे. परंतु ठरवावयाच्या गोष्टी तेथें नेऊं नयेत असें आमचें मत आहे. पडद्यावर शेवटचा बांक नसतो. कोण गप्प आहे हेंच दिसत नाहीं. उशिरां येणाऱ्या मुलांची यादी घेऊन बसलेल्या त्या बाईंकडे प्राचार्यांची नजर गेली ती खोलींत बसल्यामुळें.

कोणी म्हणेल, हें सर्व करीत बसल्यास काम केव्हां व्हावयाचें? प्रत्येक सभेंत एक तरी महाशय असे असतात कीं, त्यांना विकर्ण म्हणावें तर कारणें नसतात, आणि थांबा म्हणावें तर थांबत नाहींत. आक्षेप खरा आहे. अध्यक्षाचें आसन दुरून दिसतें तितकें मऊ नसतें. वरून संस्थाचालक, खालून विद्यार्थी, आणि समोर हे महाशय. त्यासाठीं घड्याळ आहे. प्रत्येकास तीन मिनिटें, दुसऱ्यांदां बोलण्यापूर्वीं सर्वांची एक फेरी पुरी, हा नियम सर्वांस सारखा लावला तर बडबड्यास राग येत नाहीं आणि मुखदुर्बळास जागा मिळते. वेळेवर सुरू करून वेळेवर संपविणें ही तर केवळ सभ्यतेची गोष्ट आहे; उशिरां येणाऱ्या मुलांस दंड करूं पाहणाऱ्यांनीं तरी ती पाळावी.

संविधानसभेपुढें मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या होत्या आणि त्यांपैकीं २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ही आंकडेवारी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं आपल्या शेवटच्या भाषणांत खुद्द डॉ. आंबेडकरांनींच सांगितली. इतक्या उपसूचनांस तोंड दिलेल्या मनुष्यानें सुटकेचा श्वास टाकला असता तर तें क्षम्य होतें. परंतु त्याच भाषणांत त्यांनीं, पक्षशिस्त न मानतां वारंवार विरोध करणाऱ्या सभासदांचीं नांवें घेऊन, यांच्यामुळें या सभेचें काम निर्जीव झालें नाहीं, असा त्यांचा गौरव केला. त्या नांवांत ह. वि. कामत होते, पंजाबराव देशमुखहि होते. ज्यांनीं आपला मसुदा खोडला त्यांचे आभार मानणें, हें आम्हांला अध्यक्षपणाचें शेवटचें आणि सर्वांत अवघड कर्तव्य वाटतें. सभ्य या शब्दाचा जो अर्थ आपण विसरलों आहों, तो हाच असावा. आणि तो परत आणावयाचा असेल तर आरंभ फार दूर करावयास नको. पुढील सभेच्या नोटिशीचा कागद तासिकेवरील शिक्षकांच्याहि हातीं पोंचतो कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी आरंभ झाला.